मेडिकलवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये तुम्ही आहात का?

"सध्या कोणकोणती औषधं चालू आहेत?" या माझ्या प्रश्नाला मिळणारी उत्तरं मी गेली पंचवीस वर्षं ऐकतोय. बीपीची एक छोटी पांढरी. शुगरची अर्धी, सकाळी. एक चॉकलेटी रंगाची, ती कशाची ते माहीत नाही पण मुलगी देते. आणि शेवटी हल्ली हमखास एक वाक्य येतं, "डॉक्टर, खालच्या मेडिकलवाल्याला फोन लावा ना, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये सगळं आहे."

हे वाक्य पूर्वी नव्हतं. पूर्वी "चिठ्ठी घरी राहिली" असं उत्तर यायचं, मग कुणीतरी सायकलवरून घरी जाऊन चिठ्ठी घेऊन यायचं. दुकानात कॉम्प्युटर आल्यापासून आपली औषधं लक्षात ठेवायचं काम बऱ्याच जणांनी परस्पर त्याच्यावर सोपवलंय. म्हणून आज एखाद्या आजाराबद्दल न लिहिता या कॉम्प्युटरबद्दल लिहितो. त्यात काय असतं, काय नसतं, आणि जे नसतं त्यामुळे माणूस कसा अडचणीत येतो, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

होलसेलरकडून माल आला की त्याचं बिल दुकानदार चढवतो. औषधाचं नाव, कंपनी, पॅकिंग, बॅच नंबर, एक्स्पायरी, एमआरपी, खरेदीचा दर, जीएसटी, नग. आता बऱ्याच ठिकाणी होलसेलर थेट फाइलच पाठवतो, ती एका झटक्यात आत जाते. विक्रीच्या वेळी नावाची पहिली तीन-चार अक्षरं टाइप केली की यादी समोर येते, शिल्लक किती ते दिसतं, कुठल्या खणात आहे तेही दिसतं. जी बॅच लवकर संपणार ती आधी विकायला पुढे येते. पुढच्या तीन महिन्यांत एक्स्पायर होणाऱ्या मालाची यादी एका क्लिकवर निघते आणि तो माल परत जातो. रजिस्टर आणि स्मरणशक्तीच्या भरवशावर चालणाऱ्या दुकानांपेक्षा हे फार चांगलं आहे, यात शंका नाही. (जाता जाता: स्ट्रिपवर एक्स्पायरी म्हणून फक्त महिना आणि वर्ष असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. एक तारखेला फेकू नका.)

आता नीट पाहा. वरच्या यादीतली सगळी माहिती गोळीची आहे. तुमची त्यात काहीच नाही. तुमचं नाव येतं ते बिल करताना, तेही तुम्ही सांगितलं तर. सांगितलं नाही तर त्या रकान्यात "कॅश" असं येतं आणि काम पुढे जातं. हे सॉफ्टवेअर मुळात दुकानाचा हिशेब नीट राहावा म्हणून तयार झालं आहे. त्याबद्दल केमिस्टला दोष देण्याचं कारण नाही, किराणा दुकानाच्या कॉम्प्युटरलाही तुम्हाला शुगर आहे हे माहीत नसतं. फरक एवढाच की किराणा दुकानातल्या दोन वस्तू एकदम घेतल्या म्हणून कुणी बेशुद्ध पडत नाही.

माझे एक जुने रुग्ण आहेत, एसटीतून निवृत्त झालेले. त्यांना आपण आबा म्हणू. वय बाहत्तर, मधुमेह पंधरा वर्षांचा, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली एक गोळी सकाळी. नियमित माणूस. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ते पुण्याला मुलाकडे गेले, ऑपरेशन उत्तम झालं. डिस्चार्ज कार्डावर त्यांच्या मधुमेहाचं औषधही व्यवस्थित लिहिलेलं होतं. कंटेंट तेच, प्रमाण तेच, फक्त ब्रँड वेगळा, त्या हॉस्पिटलच्या दुकानात मिळणारा. त्यात डॉक्टरांची काही चूक नव्हती.

आबा गावी परत आले. पुण्याहून आणलेल्या गोळ्या संपल्यावर नातवाने कार्ड दाखवून इथल्या मेडिकलमधून त्या पुन्हा आणल्या. आबांची "नेहमीची" गोळी घरात होतीच. ती चालू राहिली, आणि "ऑपरेशनवाली" पण चालू राहिली. एक पिवळी, एक गुलाबी. नावात एक अक्षर सारखं नाही. त्यात ऑपरेशननंतर जेवण कमी झालेलं. नवव्या-दहाव्या दिवशी पहाटे आजींनी हाक मारली तर आबा उठेनात, अंग घामाने भिजलेलं, डोळे उघडत होते पण बोलणं असंबद्ध. पॅरॅलिसिसचा झटका आला असं समजून त्यांना माझ्याकडे आणलं. शुगर ३८ निघाली.

ग्लुकोज शिरेतून दिल्यावर दहा मिनिटांत ते बोलायला लागले, मला ओळखलं, "इथं कशाला आणलं" म्हणून चिडलेसुद्धा. नातेवाईकांना वाटलं, झालं, आता घरी न्यावं. इथे एक गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा असर बराच वेळ टिकतो. शुगर वर आली तरी काही तासांनी पुन्हा घसरू शकते, वयस्कर माणसात आणि किडनी थोडी कमी काम करत असेल तर जास्तच. म्हणून आबांना दोन दिवस ठेवून घेतलं, आणि पहिल्या रात्री शुगर खरोखरच पुन्हा एकदा खाली आली.

दुसऱ्या दिवशी मुलाने औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली. मी दोन्ही स्ट्रिपांच्या मागची बारीक अक्षरं त्याला वाचायला लावली. त्याने वाचली, पुन्हा वाचली, आणि मग विचारलं, "पण डॉक्टर, दोन्ही एकाच दुकानातून घेतल्यात. कॉम्प्युटरवर बिल झालंय. मग त्याला कळलं कसं नाही?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून संध्याकाळी मी त्या दुकानात गेलो. तीस वर्षांचा अनुभव असलेले केमिस्ट आहेत, स्वतः नोंदणीकृत फार्मासिस्ट, सगळे त्यांना काका म्हणतात. ते बिचारे माझ्याआधीच अस्वस्थ झाले होते. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. आबांच्या मोबाइल नंबरावर गेल्या तीन वर्षांची सगळी बिलं होती, दर महिन्याला तीच पिवळी गोळी. गुलाबी गोळीचं बिल मात्र "कॅश" मध्ये होतं, कारण घ्यायला नातू आला होता आणि त्या वेळी काउंटरवर गर्दी होती. एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन्ही गोळ्या विकल्याची नोंद होती, पण त्या एकाच माणसाच्या पोटात जाणार आहेत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी म्हटलं, समजा नातवाने आबांचाच नंबर सांगितला असता तर? काकांनी तसं करून पाहिलं. बिल निघालं. सूचना कसलीच नाही. मग त्यांनी गुलाबी गोळीचा मूळ तपशील उघडला, तर कंटेंटचा रकाना रिकामा. होलसेलरच्या फाइलमधून नाव, बॅच, दर सगळं आपोआप आलं होतं, कंटेंट आलंच नव्हतं. त्याशिवाय कुणाचं काही अडलंही नव्हतं. बिलाला कंटेंट लागत नाही, जीएसटीला लागत नाही. ज्या औषधांना "दुसऱ्या कंपनीचं काय आहे" असं विचारलं जातं तेवढ्यांचंच भरून ठेवलेलं. म्हणजे तो रकाना होता तो पर्यायी ब्रँड शोधण्यासाठी. (तसं पाहिलं तर डॉक्टरांनी लिहिलेल्या शेड्यूल एच औषधाऐवजी दुसरा ब्रँड देऊ नये असं १९४५ च्या औषध नियमांत आहे. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही आणि मी दोघेही जाणतो.)

आपल्याकडे ब्रँडची संख्या एवढी प्रचंड आहे की कंटेंटचा रकाना रिकामा असला तर कॉम्प्युटर आंधळाच म्हणायचा. त्यात नावांचा सारखेपणा. ब्रँड सोडा, मूळ औषधांची नावंच पाहा. कार्बिमॅझोल थायरॉइडचं, कार्बामॅझेपिन फिटचं. ॲझिथ्रोमायसिन घशाच्या इन्फेक्शनला, ॲझाथायोप्रिन प्रतिकारशक्ती दाबणारं. पहिली तीन अक्षरं टाइप करून एंटर मारायची सवय लागली की बोट एक ओळ खाली जायला किती वेळ लागतो? इथे कॉम्प्युटर चूक पकडत नाही, उलट चूक करायला एक नवी जागा देतो. म्हणूनच औषध कायम नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली द्यावं हा नियम आहे, आणि काउंटरवरचा बारावी झालेला हुशार मुलगा तो नियम पूर्ण करत नाही.

तुमच्यापैकी ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी ती नारिंगी डबी पाहिली असेल. तिच्यावर रुग्णाचं नाव, औषधाचं नाव, किती आणि कधी घ्यायचं, हे सगळं छापलेलं असतं. तिथे १९९० च्या एका कायद्यानुसार, सरकारी मेडिकेड योजनेतल्या रुग्णाला औषध देण्याआधी फार्मासिस्टने ते तपासायचं असतं: हेच औषध दुसऱ्या नावाने चालू आहे का, आधीच्या औषधाशी भांडण होईल का, डोस बरोबर आहे का, ॲलर्जी आहे का. हा नियम १९९३ पासून लागू झाला आणि दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये रुग्णाची नोंद ठेवणं त्याला पर्याय राहिला नाही. आपल्याकडे स्ट्रिप खाकी पाकिटात पडते आणि वर पेनाने १-०-१ लिहिलं जातं. बिलावर बॅच असते, एक्स्पायरी असते, पण डोस नसतो. संधिवाताची मेथोट्रेक्सेट गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर रक्तपेशी कमी होऊन जीव जाऊ शकतो. पण चार गोळ्यांचं बिल म्हणजे चार दिवसांचं की चार आठवड्यांचं, हे त्या बिलावरून कुणालाच कळणार नाही.

आणखी एक जोडी सांगतो, कारण ती आपल्याकडे फार सहज जमून येते. कंबर धरली म्हणून एका डॉक्टरांनी दिलेल्या गोळीत टिझानिडिन असतं, स्नायू सैल करणारं. चार दिवसांनी जुलाब लागले म्हणून दुसऱ्यांनी, किंवा कुणीच नाही, स्वतःहूनच, सिप्रोफ्लॉक्सासिन घेतलं. सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे टिझानिडिन शरीरातून बाहेर जाणं मंदावतं आणि रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. बीपी एकदम खाली, गुंगी, बाथरूमला जाताना पडणं. दोन्ही औषधं वेगवेगळी घेतली तर नेहमीचीच. ही जोडी कॉम्प्युटरला एका क्षणात पकडता येते, माणसाला रात्री आठच्या गर्दीत नाही. पण त्यासाठी दोन्ही औषधं तुमच्या नावावर हवीत.

काकांनी नंतर मुलाला बरोबर घेऊन रविवारी दुकान बंद ठेवून कंटेंट भरायला घेतलं. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये "गेल्या तीस दिवसांत हेच कंटेंट गेलंय" अशी सूचना देण्याची सोय होतीच, ती कधी चालू केलेली नव्हती. चालू केली आणि पंधरा दिवसांत त्यांचा फोन आला, "डॉक्टर, हे डोकं उठवतंय." दर तिसऱ्या बिलाला खिडकी उघडत होती. महिन्याची औषधं चार दिवस आधी न्यायला आलेला माणूस, त्यालाही सूचना. एकाच नंबरावर नवरा-बायको दोघांची बीपीची गोळी, त्यालाही सूचना. अशाने काय होतं, तर बोट सूचना न वाचता एस्केप दाबायला शिकतं, आणि खरी सूचनाही त्यातच जाते. हा त्रास मोठमोठ्या हॉस्पिटलांतल्या महागड्या यंत्रणांनाही आहे. आम्ही बसून यादी कमी केली: मधुमेहाच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, फिटची, झोपेची, स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट. पॅरासिटामॉल काढून टाकावं असं काकांचं मत होतं, मी ते ठेवायला लावलं. तापाची एक गोळी, सर्दीची एक, अंगदुखीची एक, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल, हे मी रोज पाहतो.

आता थोडं अप्रिय. शेड्यूल एच-वन ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू आहे. तिच्यात वरच्या दर्जाची काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, आणि सवय लागू शकणारी अल्प्राझोलामसारखी औषधं आहेत. ती देताना डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग यांची वेगळी नोंद करून ती तीन वर्षं जपावी लागते. कॉम्प्युटरने हे काम सोपं केलं, कारण डॉक्टरचं नाव टाकल्याशिवाय बिल पुढेच जात नाही. मग चिठ्ठी नसलेला गिऱ्हाईक आला की काय होतं? यादीतलं कुठलं तरी नाव निवडलं जातं. एका दुकानात (काकांचं नव्हे) एकदा माझ्या नावावर झोपेच्या गोळ्यांच्या ओळीच्या ओळी दिसल्या. त्यातल्या बहुतेक माणसांना मी कधी पाहिलेलंही नव्हतं. छापलेला कागद इतका नीटनेटका होता की तपासणीला कुणी आलं असतं तर शाबासकी दिली असती. मी त्या मालकांना माझं नाव यादीतून काढायला लावलं. पण तिथे दुसऱ्या कुणाचं आलं असणार, हे काय मला कळत नाही? चिठ्ठीशिवाय अशी औषधं मागणारे आपणच असतो, हेही इथे सांगून टाकतो.

बिल आणि बॅच नंबर यांचं महत्त्व मात्र एरवी जाणवत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होतं, किडनी निकामी करणारं. न्यायमूर्ती लेंटिन आयोग त्यावरच नेमला गेला होता. आमच्या पिढीच्या डॉक्टरांना वाटायचं की हे आता इतिहासात जमा झालं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधात तेच विष सापडलं, आणि वीसहून जास्त लहान मुलं गेली. छिंदवाडा म्हणजे नागपूरच्या शेजारचा जिल्हा, तिथल्या आजारी मुलांना उपचारासाठी नागपूरलाच आणत होते. कोल्ड्रिफ या औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये हे विष होतं, आणि आपल्या राज्याच्या एफडीएनेही ती बॅच वापरू नका असा इशारा दिला.

अशा दिवशी केमिस्टसमोर दोन प्रश्न असतात. ही बॅच माझ्याकडे आली होती का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कॉम्प्युटर दोन सेकंदांत देतो. पूर्वी त्यासाठी बिलांची भेंडोळी उपसावी लागायची. मग दुसरा प्रश्न, विकलेल्या बाटल्या कुणाच्या घरी आहेत? जिथे नाव आणि मोबाइल आहे तिथे लगेच फोन करता येतो. जिथे "कॅश" आहे तिथे ती बाटली कुठल्या घरातल्या कुठल्या फडताळात आहे, कुणीही सांगू शकत नाही. आणि तुम्ही बिल घेतलं नसेल तर तुमच्याकडेही पुरावा नाही. निदान बाटलीवरचा, स्ट्रिपवरचा बॅच नंबर तरी शिल्लक ठेवा. चार गोळ्या कापून घेतल्या की नंबराचा तुकडा बहुतेक दुकानातच राहतो, तेव्हा तो बिलावर येतो का ते बघा. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, त्यात औषधाचं मूळ नाव, बॅच, एक्स्पायरी, उत्पादकाचा परवाना हे सगळं असतं. मोबाइलने स्कॅन करता येतो. माझ्या रुग्णांपैकी तो स्कॅन केलेला मला अजून एकही भेटलेला नाही.

नंबर द्यायला तुम्ही कचरता हे मला माहीत आहे, आणि कारणही पटतं. नंबर दिला की जाहिरातींचे मेसेज सुरू होतात. लहान गावात तर भीती वेगळीच असते. मानसिक आजाराच्या गोळ्या, टीबीची औषधं, गर्भपाताच्या गोळ्या, आणि मागे रांगेत शेजारीण उभी. स्क्रीन गिऱ्हाइकांकडे वळवलेला असेल तर तो आत वळवायला सांगा, नाव मोठ्याने वाचू नका म्हणा. "नंबर फक्त औषधाच्या नोंदीसाठी ठेवा, मेसेज नकोत" हेही सांगा. वैयक्तिक माहिती कशासाठी वापरायची याबद्दल २०२३ चा कायदा आहे, पण त्याआधी ओळखीच्या दुकानदाराला नुसतं सांगणं पुरतं, असा माझा अनुभव आहे.

नंबर रुग्णाचा स्वतःचा द्या. आणायला गेलेल्या नातवाचा, शेजाऱ्याचा नको. घरात एकच मोबाइल असेल तर नावं तरी वेगवेगळी टाकायला लावा. शक्यतो सगळी औषधं एकाच दुकानातून घ्या. दोन टक्के सूट जास्त म्हणून एक औषध इथून, एक तिथून, एक ऑनलाइन असं केलंत तर तुमची अर्धवट यादी तीन कॉम्प्युटरमध्ये राहते, पुरी एकातही नसते. आणि कितीही चांगली नोंद असली तरी तुमची किडनी किती काम करते, वजन किती, कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठलं होतं, गोळी विकत घेऊन प्रत्यक्षात खाल्लीत की नाही, यातलं त्या कॉम्प्युटरला काही माहीत नसतं. ते तुम्हालाच सांगावं लागेल, मलाही आणि केमिस्टलाही.

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज घेऊन आल्यावर मात्र एक दिवस याच कामासाठी काढा. घरातल्या जुन्या सगळ्या स्ट्रिपा, नवीन औषधं आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत घाला आणि आपल्या डॉक्टरांकडे किंवा ओळखीच्या फार्मासिस्टकडे जा. एकच प्रश्न विचारा, "यातल्या कुठल्या दोन आतून एकच आहेत?" फार्मासिस्टकडे जाणार असाल तर रात्री आठला जाऊ नका. दुपारी बारा-साडेबाराला जा, जेव्हा काउंटरवर फारसं कुणी नसतं आणि त्याला चष्मा लावून बारीक अक्षरं वाचायला वेळ असतो.